लीव्ह म्हणजे परवानगी, लायसन्स म्हणजेही परवानगी

मुंबई-पुण्यात भाड्याने घर घेतलेल्या कुणालाही 'लीव्ह अँड लायसन्स' हे नाव पाठ असते. अकरा महिने, अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार, दलालाची फी, संपले. पण त्या नावाचा अर्थ लावायला बसले की हसू येते. यातले 'लीव्ह' म्हणजे रजा नव्हे आणि सोडून जाणेही नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ परवानगी. 'लायसन्स' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द, त्याचाही अर्थ परवानगीच. म्हणजे आपण दर अकरा महिन्यांनी नोंदवतो तो 'परवानगी व परवानगी करारनामा'. १८८२च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ने व्याख्या केली ती एकट्या लायसन्सची. तरीही १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम ५५ जोडीनेच बोलते, आणि असा करार लेखी करून नोंदवला नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे बजावते. 'लीव्ह' गाळले असते तर या कलमाचे काहीच बिघडले नसते.

इंग्रजी कायदेशीर लिखाणात अशा जोड्या आणि असे लांबलचक शब्दप्रयोग शेकड्यांनी आहेत. 'नल अँड व्हॉइड', 'टर्म्स अँड कंडिशन्स', 'अनलेस अँड अंटिल', 'इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू' (यांसह, पण एवढ्यापुरते नव्हे), 'नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड हिअरिन' (यात काहीही असले तरी). सर्वसाधारण समज असा की हे शब्द वाचायला कंटाळवाणे असले तरी सुरक्षित आहेत: जास्त शब्द, जास्त पक्का करार. हा समज उलटा आहे. यातला प्रत्येक शब्दप्रयोग वाक्यात ठेवायचा तर स्वल्पविरामाची एक विशिष्ट शिस्त पाळावी लागते, आणि ती शिस्त बहुतेक मसुद्यांत नसते. शब्द वाढतात, विरामचिन्हे तुटतात, आणि त्या फटीतून खटला आत येतो.

आधी हे शब्द आले कुठून ते पाहू, कारण त्यातच त्यांचा निकाल दडलेला आहे. नॉर्मन राजवटीनंतर इंग्लंडच्या कायद्यात तीन भाषा एकत्र नांदत होत्या: लोकांची इंग्रजी, न्यायालयाची फ्रेंच आणि दफ्तराची लॅटिन. १३६२ साली इंग्रजीतून युक्तिवाद करण्याचा कायदा झाला, तरी नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. लॅटिन आणि कायद्याची फ्रेंच न्यायालयांतून खऱ्या अर्थाने गेली ती १७३३ साली. मधल्या काळात 'गुड्स' हा घरचा शब्द आणि 'चॅटल्स' हा फ्रेंच शब्द शेजारी लिहायची सवय लागली. तशीच 'विल' आणि 'टेस्टामेंट'ची जोडी जमली. यात आपल्याला अनोळखी असे काही नाही. 'रद्दबातल' हा आपला शब्द याच घडणीचा आहे. 'रद्द'ही अरबी, 'बातल'ही अरबी, दोहोंचा अर्थ जवळपास एकच. जुन्या खरेदीखतांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांसह जमीन दिली जाते ती काय, मराठी 'इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू'च.

दुसरे कारण पैशाचे. इंग्लंडमध्ये दस्ताची फी दीर्घकाळ लांबीवर ठरे. ७२ शब्दांचा एक फोलिओ, आणि दर फोलिओला ठरलेला दर. लांबण लावणाऱ्याला बक्षीस मिळत होते, क्वचित शिक्षाही. १५९६ साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात १६ तावांत मावले असते असे निवेदन १२० तावांवर लिहून आले. न्यायाधीश इतके संतापले की त्यांनी त्या गठ्ठ्याला मधोमध भोक पाडायला लावले, लिहिणाऱ्याचे डोके त्यातून बाहेर काढले आणि वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सगळी न्यायालये भरलेली असताना त्याला त्या अवस्थेत फिरवायचा हुकूम दिला. वर दंड केला तो वेगळा.

तिसरे कारण मात्र कुणी फारसे सांगत नाही, आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. जुन्या इंग्रजी दस्तांत विरामचिन्हे नसतच. चामड्याच्या पानावर शेवटपर्यंत एकच वाक्य सलग चाले. वाचणाऱ्याने थांबायचे कुठे? तर 'व्हेअरॅज', 'प्रोव्हायडेड ऑल्वेज', 'अँड इट इज हिअरबाय अ‍ॅग्रीड' असे शब्द मोठ्या अक्षरांत आले की थांबायचे. ते शब्दच विरामचिन्हांचे काम करत होते. आपल्या मोडी दस्तांचेही असेच. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली सलग लिहीत जायचे. 'सबब', 'येणेप्रमाणे', 'कारणे लिहून देतो की' हे शब्द आले की वाचणाऱ्याला वळण कळे. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी यांना दिले जाते. त्याआधीच्या लेखकाला शब्दांनीच थांबे बांधावे लागत.

आता स्वल्पविराम आहे, परिच्छेद आहे, कलमांना आकडे आहेत. तरी जुने थांबे तसेच उभे आहेत आणि नवे थांबे त्यांच्या मध्ये कुठेतरी घुसवलेले आहेत. दोन्ही यंत्रणा एकाच वाक्यात चालल्या की काय होते ते एका भाडेकरारातल्या नेहमीच्या वाक्यावर बघू. असे वाक्य कुठल्याही नमुन्यात सापडेल:

'द लायसेन्सी शॅल पे ऑल चार्जेस, टॅक्सेस अँड आउटगोइंग्ज इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू, इलेक्ट्रिसिटी, वॉटर, मेंटेनन्स एटसेट्रा.'

पहिली चूक 'इन्क्लुडिंग'च्या आधी. तिथे स्वल्पविराम नाही, त्यामुळे पुढची यादी फक्त 'आउटगोइंग्ज'ला चिकटली की 'चार्जेस, टॅक्सेस अँड आउटगोइंग्ज' या तिघांना, हे सांगता येत नाही. तिघांना लागू करायची असेल तर 'आउटगोइंग्ज'नंतर स्वल्पविराम हवाच. दुसरी चूक 'टू'नंतरची. 'बट नॉट लिमिटेड टू' हे शब्द स्वल्पविरामांत ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी ठेवावे लागतात, एक 'इन्क्लुडिंग'नंतर आणि एक 'टू'नंतर. हे दोन स्वल्पविराम कंसासारखे असतात. उघडला तर मिटवावा, मिटवला तर आधी उघडलेला असावा. किंवा दोन्ही काढून टाकावेत, तेही इंग्रजीत चालते. चालत नाही ते एकट्याने उभे राहिलेले चिन्ह. तपासायची रीत सोपी आहे: स्वल्पविरामांमधले शब्द बोटाने झाकायचे आणि उरलेले वाक्य वाचायचे. 'इन्क्लुडिंग इलेक्ट्रिसिटी' असे नीट वाचता आले पाहिजे. काही जण 'टू'नंतर अपूर्णविरामाचे दोन टिंब देतात. पुढची यादी आकडे घालून एकेका ओळीवर मांडली असेल तर ते खपून जाते. यादी त्याच ओळीत चालू असेल तर ते टिंब क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्या मध्ये भिंत घालतात.

तिसरी चूक शेवटच्या 'एटसेट्रा'ची. 'इन्क्लुडिंग'नेच सांगितले आहे की यादी अपुरी आहे, 'बट नॉट लिमिटेड टू'ने ते पुन्हा सांगितले, 'एटसेट्रा'ने तिसऱ्यांदा. आणि एवढे सगळे सांगून भाडेकरूला कळले का, की सोसायटीचा मेंटेनन्स त्याने भरायचा की मालकाने? मालमत्ता करही 'टॅक्सेस'मध्ये येतो का? भांडण नेमके तिथे होते.

हेच वाक्य असे लिहिता येते: 'द लायसेन्सी मस्ट पे द इलेक्ट्रिसिटी, वॉटर अँड गॅस बिल्स. द लायसेन्सर मस्ट पे द सोसायटी मेंटेनन्स अँड द प्रॉपर्टी टॅक्स.' दोन वाक्ये, दोन पूर्णविराम, एकच स्वल्पविराम. 'इन्क्लुडिंग' हवेच कशाला? 'शॅल'ऐवजी 'मस्ट' लिहिले आहे तेही मुद्दाम. 'शॅल' कधी सक्ती सांगतो, कधी नुसता भविष्यकाळ, आणि अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून २००७च्या फेरलेखनात तो काढून टाकला गेला.

'बट नॉट लिमिटेड टू' हे शब्द भारतात तरी बहुतेक वेळा अनावश्यक आहेत, आणि याला मुंबईतलाच आधार आहे. जे. जे. समूह रुग्णालयातल्या वॉर्ड सेवकांच्या कपातीचा वाद १९६० साली सर्वोच्च न्यायालयात पोचला: तेव्हाचे मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा. प्रश्न होता 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येचा. त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की समावेशक व्याख्येतले शब्द अर्थ वाढवण्यासाठी असतात, त्यांना आकुंचित धरता येत नाही. म्हणजे 'इन्क्लुड्स' या एका शब्दातच 'एवढ्यापुरते नव्हे' हे आलेले आहे.

इथे एक खरा धोका आहे. एकाच करारात तिसऱ्या कलमात नुसते 'इन्क्लुडिंग' आणि नवव्या कलमात 'इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू' असे लिहिले, की समोरचा वकील विचारणारच, दोन ठिकाणी वेगळे शब्द का वापरलेत? तिसऱ्या कलमातली यादी पूर्ण आहे असाच याचा अर्थ ना? म्हणजे जास्तीचे शब्द नवव्या कलमाला काही देत नाहीत, पण तिसऱ्याचे काढून घेतात. यावरचा उपाय सगळ्या चांगल्या मसुदाकारांना माहीत आहे. सुरुवातीच्या व्याख्यांत एकदाच लिहायचे की या करारात 'इन्क्लुडिंग' म्हणजे मर्यादा न घालता समावेश, आणि मग पुढे सगळीकडे एकच शब्द वापरायचा. याच जातीचा आणखी एक खड्डा 'अदर' या शब्दात आहे. 'इलेक्ट्रिसिटी, वॉटर, गॅस अँड अदर चार्जेस' असे लिहिले, की न्यायालये 'अदर चार्जेस'चा अर्थ आधीच्या जातीचेच आकार, म्हणजे वापरावर येणारी बिले, असा लावण्याकडे झुकतात. त्यात सोसायटीची हस्तांतरण फी घुसवायची असेल तर तिचे नाव घेऊनच लिहावे लागते.

यावर नेहमीचे उत्तर येते की कायद्यात विरामचिन्हांना किंमत नसते, न्यायाधीश हेतू बघतात. अर्धसत्य. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली अश्विनीकुमार घोष खटल्यात विरामचिन्ह हा अर्थ लावण्यातला गौण घटक आहे असे म्हटले, पण त्याच श्वासात हेही म्हटले की कायदा काळजीपूर्वक विरामचिन्हे देऊन लिहिलेला असेल आणि अर्थाबद्दल शंका असेल तर त्यांना वजन द्यावे. आणि ते वजन किती असू शकते हे महाराष्ट्राच्याच एका खटल्याने दाखवले. १९७९च्या निकालसंग्रहांत छापलेला हा निकाल औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७चा आहे. कलमाचे शब्द होते: 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स'. आरोपीजवळ औषधे सापडली, पण ती विकण्यासाठी ठेवली होती हे सिद्ध झाले नव्हते. नुसता साठा हा गुन्हा आहे का? न्यायालयाने बोट ठेवले ते एका नसलेल्या चिन्हावर. 'स्टॉक्स'नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हे अखंड आहे, आणि साठाही विक्रीसाठीच असावा लागतो. तिथे एक स्वल्पविराम असता तर 'फॉर सेल' हे शब्द 'एक्झिबिट्स'पुरते उरले असते, आणि नुसता साठा गुन्हा ठरला असता.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या दूधवाहू ट्रकचालकांचा खटला आता जगभर शिकवला जातो. तो थोडा जवळून बघण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंचे व्याकरण बरोबर होते. तिथल्या कायद्यात आठवड्याला ४० तासांच्या वरच्या कामाला दीडपट मजुरी आहे, पण नाशिवंत मालासंबंधी काही कामांना सूट आहे. त्या कामांची यादी अशी होती: 'कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. ओकहर्स्ट डेअरीचे चालक माल पोचवत होते, बांधत नव्हते. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम असता तर वितरण हे सूट मिळालेले वेगळे काम झाले असते आणि चालकांना ओव्हरटाइम मिळाला नसता. तो नव्हता. चालक म्हणाले, शेवटचे काम एकच आहे, पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेली बांधणी. शिवाय यादीतली बाकी सगळी कामे 'इंग'कारान्त आहेत, 'डिस्ट्रिब्यूशन' तसे नाही, ते 'शिपमेंट'च्या पंगतीतले आहे. डेअरी म्हणाली, मग 'पॅकिंग'च्या आधी 'ऑर' कुठे आहे? यादी शेवटच्या 'किंवा'शिवाय संपते का? आणि राज्याच्या मसुदा-पुस्तिकेतच शेवटच्या 'ऑर'आधी स्वल्पविराम देऊ नये असे सांगितलेले आहे. मार्च २०१७मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते, आणि तसे असेल तेव्हा कामगारकल्याणाचा कायदा कामगाराच्या बाजूने वाचायचा. २०१८च्या फेब्रुवारीत ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मेनच्या विधिमंडळाने नंतर कलम बदलले, सगळ्या कामांमध्ये अर्धविराम टाकले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्युटिंग' केले. एवढी डागडुजी पहिल्याच दिवशी करता आली असती.

हेच वाक्य मराठीत लिहिताना लेखकाला आपोआप निर्णय घ्यावा लागला असता. 'पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणी' की 'पाठवणीसाठी बांधणी, किंवा वितरण'? आपल्या भाषेत 'साठी' कुठे लावायचे हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकतच नाही. विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये काही ठिकाणी स्वल्पविरामाचे काम करून टाकतात. सगळीकडे नव्हे. 'जुन्या इमारती व झाडे' म्हटले की झाडे जुनी की नवी हे मराठीतही कळत नाही.

वाक्याच्या शेवटी येणारी अट कुणाकुणाला लागू होते, हा प्रश्न तर पुन्हापुन्हा येतो. नियम साधारण असा की अटीच्या आधी स्वल्पविराम नसेल तर ती लगतच्या शब्दाला चिकटते, असेल तर मागच्या सगळ्यांना. २०२१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेसबुकविरुद्धच्या खटल्यात स्वयंचलित डायलरच्या, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या यंत्राच्या, व्याख्येतल्या 'यूझिंग'आधीच्या स्वल्पविरामाकडे बघूनही असाच निर्णय दिला: ती अट 'स्टोअर' आणि 'प्रोड्यूस' या दोन्ही क्रियापदांना लागू. हा नियम माहीत असलेला मसुदाकार स्वल्पविराम जाणीवपूर्वक देतो. माहीत नसलेला श्वास घ्यायला देतो.

'अँड/ऑर'बद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. १९३५ साली विस्कॉन्सिनच्या आणि १९४४ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठांनी त्याची जाहीर खरडपट्टी काढलेली आहे, तरी ते टेंडरमधून हटत नाही. 'कंत्राटदार अँड/ऑर त्याचा उपकंत्राटदार नुकसानभरपाई देईल' यातून भरपाई कुणाकडून मागायची हे कळत नाही. पर्याय आपल्याच देशात १८६०पासून छापलेला आहे. २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतले चोरीचे कलम ३७९ तीन वर्षांपर्यंतची कैद सांगून पुढे म्हणत असे, 'ऑर विथ फाइन, ऑर विथ बोथ'. कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक 'किंवा'आधी स्वल्पविराम, कुठे तिरकी रेघ नाही. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली ज्या संहितेचा पहिला मसुदा तयार केला, तिच्यात कलमांखाली 'ए' आणि 'झेड' अशा नावांच्या माणसांची छोटी उदाहरणे देऊन अर्थ पक्का केला होता. १८७२चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टही तसाच. कायद्याने अंमलात आणता न येणारा करार म्हणजे 'व्हॉइड', एवढेच त्याचे कलम २ म्हणते. 'नल अँड व्हॉइड' तिथे नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा वसाहतीचा कायदा आजच्या फ्लॅटच्या करारापेक्षा सरळ इंग्रजीत आहे, ही शरमेची गोष्ट म्हणायला हवी.

वकिलांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. ते म्हणतात, काही शब्दांवर न्यायालयांनी शंभर वर्षे अर्थ लावले आहेत, ते बदलले तर तो सगळा ठेवा गमावतो. बरोबर आहे. 'जॉइंटली अँड सेव्हरली' (एकत्र आणि एकेकटे) ही जोडी दिसायला 'नल अँड व्हॉइड'सारखी, पण तिचे दोन्ही शब्द काम करतात. तिघांनी मिळून कर्ज घेतले तर धनको एकट्याकडूनही सगळी रक्कम मागू शकतो, हे त्यातून येते, आणि कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचे कलम ४३ हेच सांगते. 'टाइम इज ऑफ द एसेन्स' (वेळ पाळणे हाच कराराचा गाभा) काढू नका, कलम ५५चे परिणाम त्याच्याशी जोडलेले आहेत. 'इंडेम्निफाय' (नुकसान भरून देणे) ठेवा. कसोटी एकच: हा शब्द गाळला तर कुणाचा हक्क किंवा जबाबदारी बदलते का? 'जॉइंटली अँड सेव्हरली'मधला 'सेव्हरली' इंग्लंडच्या कायद्याखालच्या करारातून गाळून बघा, बदलते; आपल्याकडे मात्र कलम ४३ तो भरून काढते. 'ट्रू अँड करेक्ट'मधला कुठलाही गाळा, काही होत नाही. 'फाइव्ह (५) इयर्स' असे दोनदा लिहिण्याची रीतही याच कसोटीवर घासून बघावी. चेकवर अक्षरी रक्कम लिहिण्याला कारण आहे, अंकात एक शून्य वाढवणे सोपे असते, आणि १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १८नुसार तफावत असेल तर अक्षरी रक्कम धरली जाते. पण छापील करारात प्रत्येक मुदत दोनदा लिहिली, की पुढच्या वर्षी नमुना बदलताना अंक बदलतो आणि अक्षर तसेच राहते.

'नॉटविथस्टँडिंग' हा आणखी एक शब्द, जो एकदा लिहिला तर काम करतो आणि दोनदा लिहिला तर भांडण लावतो. 'या करारात अन्यत्र काहीही असले तरी' असे म्हणणारी दोन कलमे एकाच करारात आली, की वरचढ कोण? कायद्यांतही हे घडते. महाराष्ट्र ट्यूब्जच्या १९९३च्या खटल्यात १९५१चा वित्तीय महामंडळ कायदा आणि १९८५चा आजारी उद्योगांचा कायदा, दोघांतही हे शब्द होते, आणि नंतरचा कायदा जिंकला. करारात असा आधी-नंतरचा हिशेब नसतो, सगळी कलमे एकाच दिवशी सही होतात. म्हणून कलमाचा आकडा घालून लिहावे: 'कलम ७ काहीही म्हणत असले तरी'. 'परंतु'ने सुरू होणाऱ्या परंतुकांबद्दलही तेच. परंतुक अपवाद सांगण्यासाठी असते. त्यात नवा नियम कोंबला की तो मूळ कलमाच्या सावलीत वाचला जातो.

मराठी वाचकाला यातले सगळ्यांत ओळखीचे उदाहरण वर्तमानपत्रातल्या बँकांच्या लिलाव-सूचनांत सापडते. 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे तेथे आहे' या तत्त्वावर सदनिका विकायची आहे. इंग्रजी सूत्राचा हा शब्दशः अनुवाद. मराठीत तो कोड्यासारखा वाचला जातो, आणि खरेदीदाराला हवी ती माहिती नेमकी त्यात नसते. मागच्या मालकाने विजेचे बिल थकवले असेल तर ते कोण भरणार? केरळच्या वीज मंडळाशी संबंधित खटल्यांच्या २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की 'जसे आहे जेथे आहे' या अटीवर घेणाऱ्याने अशा थकबाकीची चौकशी करून घेणे अपेक्षित आहे. म्हणजे त्या चार शब्दांत लाखाचा बोजा लपू शकतो. त्याऐवजी सूचनेत 'विजेची थकबाकी अमुक रुपये, सोसायटीची अमुक रुपये, दोन्ही खरेदीदाराने भरायची' अशी एक ओळ का छापू नये? बँकेला आकडा माहीत नसेल तर 'थकबाकी आम्ही तपासलेली नाही, खरेदीदाराने तपासावी आणि भरावी' असे लिहावे. लिलावात बोली लावणाऱ्याला निदान कळेल की आधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन यायचे आहे.

हे सगळे वकिलांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. नमुने ज्यांच्या हातात आहेत त्यांनी बदलले पाहिजेत, आणि त्याची सुरुवात झालेलीही आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किरकोळ कर्जांसोबत मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावे लागते, कर्जदाराला समजेल त्या भाषेत, आणि ते समजावून सांगून त्याची पोच घ्यावी लागते. आरोग्य विम्यातही ग्राहक माहितीपत्रक आले. पण ही पत्रके मूळ कराराच्या वर चिकटवलेली आहेत. खाली तोच 'हिअरिनाफ्टर'चा गठ्ठा आहे, आणि वाद झाला की वाचला जातो तो गठ्ठाच. राज्यात २०१७च्या रेरा नियमांसोबत फ्लॅट-विक्रीचा नमुना करार आहे, 'व्हेअरॅज'ने सुरू होणारे परिच्छेद त्यातही आहेत. ऑनलाइन भाडेकराराचा साचा नोंदणी विभागाकडे आहे. हे दोन साचे जरी नीट लिहिले, 'इन्क्लुडिंग'ची व्याख्या एकदाच दिली, याद्या आकडे घालून उभ्या मांडल्या आणि मराठी पाठ अनुवाद म्हणून नव्हे तर स्वतंत्रपणे लिहून शेजारी ठेवला, तर राज्यातल्या कितीतरी सह्या नीट वाचून होतील.

मराठी पाठाची गोष्ट भावनेची नाही, उपयोगाची आहे. कॅनडात २००२ साली केबल कंपनी रॉजर्सने टेलिफोन कंपनी अ‍ॅलियंटशी खांब वापरण्याचा करार केला. करार पाच वर्षे चालेल, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल, 'अनलेस अँड अंटिल' एका वर्षाच्या सूचनेने संपवला जाईपर्यंत. 'अनलेस'च्या आधी एक स्वल्पविराम होता. रॉजर्सला वाटत होते पहिली पाच वर्षे पक्की आहेत. अ‍ॅलियंटने त्याआधीच सूचना दिली. २००६च्या जुलैमध्ये नियामक आयोगाने स्वल्पविराम बघून अ‍ॅलियंटच्या बाजूने निकाल दिला: अट मागच्या दोन्ही मुदतींना लागू. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तोच निकाल फिरला, कारण आयोगाने मंजूर केलेल्या त्या नमुना कराराचा फ्रेंच पाठही होता, आणि फ्रेंचमध्ये पहिली पाच वर्षे मोडता येत नाहीत हे स्वच्छ लिहिलेले होते. आपल्याकडच्या दुभाषी करारांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: 'मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल.' सही करण्याआधी ती ओळ खोडून घेता आली तर घ्यावी. रॉजर्सच्या कामी फ्रेंच पाठ आला, कारण तिथे तो ग्राह्य धरता येत होता.